सतरा वर्षांच्या विंडोजनंतर लिनक्स: एका अनुवादिकेच्या संगणकाचं प्रकरण

माझी ताई अनुवादक आहे. इंग्रजीतून मराठीत पुस्तकं आणि अहवाल, मधूनमधून मुद्रितशोधन, असं तिचं काम. २००८ साली तिनं पहिला संगणक घेतला तेव्हा त्यावर विंडोज एक्सपी होतं. पुढे सेव्हन आलं, मग टेन. सतरा वर्षं ती विंडोजच्या एकाच घरात राहिली असं म्हणता येईल, अधूनमधून भिंतींना नवा रंग लागला एवढंच. २०२५च्या जूनमध्ये तिचा फोन आला. "अरे, हा संगणक म्हणतोय की विंडोज अकरा याच्यावर चालणार नाही. पण तो तर ठणठणीत आहे!"

ती म्हणत होती ते खरं होतं. लॅपटॉप २०१६चा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एकही कळ सैल झालेली नाही. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासूनचेच मान्य यादीत आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. हातात चार महिने होते.

या काळात आम्ही जे केलं ते तपशिलानं लिहितोय, कारण विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीबद्दल "लिनक्स शिकायला अवघड आहे का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ताईच्या बाबतीत शिकण्याचा भाग एका महिन्यात आटोपला. सगळा वेळ आणि मनस्ताप गेला तो दुसऱ्याच गोष्टीत: तिचं काम सतरा वर्षांत कुठेकुठे आणि कशाकशाला बांधलं गेलं होतं, ते शोधण्यात आणि एकेक गाठ सोडवण्यात.

पर्याय

नवा संगणक घेणं हा सरळ मार्ग होता, पण चांगलं चालणारं यंत्र टाकून द्यायला तिचं मन तयार नव्हतं, आणि मलाही ते पटत नव्हतं. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतील याची हमी नसते, आणि जिच्या पोटापाण्याचं काम त्या यंत्रावर आहे तिला मी हे सुचवणार नाही. वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना होती, तीही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मॅक म्हणजे पुन्हा नवं यंत्र आलंच.

उरलं लिनक्स. त्याच्या अनेक रूपांतून मिंट निवडलं: सिनॅमन नावाची पडद्याची मांडणी, २२वी मालिका. तिला २०२९ पर्यंत आधार आहे, आणि खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ ही मांडणी तिच्या डोळ्यांना ओळखीची होती.

वही

पहिले दोन आठवडे संगणकाला हातच लावला नाही. ताईला एक वही दिली आणि सांगितलं, दिवसभरात जो प्रोग्राम उघडशील त्याचं नाव लिही आणि कशासाठी उघडलास तेही लिही. तिला वाटत होतं, यादी चार नावांची होईल. झाली सतरा नावांची. वर्ड, ईमेल आणि ब्राउझर अपेक्षित होते. पण अनुवाद-स्मृतीचा (आधी अनुवादलेली वाक्यं साठवून पुन्हा सुचवणारा) प्रोग्राम, जुन्या सीडीवरून बसवलेला शब्दकोश, स्कॅनर कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम आणि जुन्या मराठी फॉन्टांचं टंकलेखन सॉफ्टवेअर या गोष्टी तिच्या बोलण्यात एकदाही आल्या नव्हत्या. हाताच्या सवयीत गेलेली गोष्ट तोंडी सांगताना आठवत नाही. म्हणून यादी आठवून करायची नाही, वापरताना करायची.

आधी प्रोग्राम, मग प्लॅटफॉर्म

इथे आम्ही जो निर्णय घेतला तो मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. विंडोजला धक्का न लावता, जे प्रोग्राम दोन्हीकडे चालतात ते आधी विंडोजवरच बसवले: वर्डच्या जागी लिबरऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, ईमेलसाठी थंडरबर्ड आणि अनुवादासाठी ओमेगाटी. दीड महिना ताईनं रोजचं काम यांच्यावर केलं. घर तेच, फक्त भांडीकुंडी बदललेली.

फायदा दुसऱ्याच दिवशी दिसला. वर्डमध्ये कंट्रोल आणि २ दाबलं की परिच्छेदाच्या ओळींमध्ये दुप्पट अंतर येतं. मुद्रितशोधनासाठी कागदावर छापताना ती हे दिवसातून वीसदा करायची. लिबरऑफिस रायटरमध्ये त्याच कळांनी परिच्छेदाचं दुसऱ्या पातळीचं शीर्षक होतं. तिनं सवयीनं कळा दाबल्या आणि अख्खा परिच्छेद ठळक, मोठ्या अक्षरांत समोर उभा राहिला. तिला वाटलं फाइल बिघडली. दहाव्या वेळी असं झाल्यावर आम्ही कस्टमाइझमध्ये जाऊन त्या कळा ओळींच्या अंतराला जोडून दिल्या आणि विषय संपला. हीच गोष्ट लिनक्सवर पहिल्या दिवशी घडली असती तर दोष सगळ्या लिनक्सवर गेला असता, आणि त्यासोबत वायफाय, प्रिंटर, कीबोर्ड या दहा नव्या गोष्टींचा गोंधळ असताना नेमकं कारण सापडलंच नसतं.

ईमेलच्या बाबतीत तर हा क्रम पाळणं भागच होतं. तिची जुनी टपाल सर्व्हरवर नव्हती. तिच्या आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रामच्या पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे संगणकावरच, होती. ती थंडरबर्डमध्ये आणायची सरळ वाट म्हणजे दोन्ही प्रोग्राम एकाच विंडोजवर असताना आयात करणं. लिनक्सवर गेल्यावर ही वाट इतकी सरळ राहत नाही. एकदा टपाल थंडरबर्डमध्ये आली की मात्र त्याचं प्रोफाइलचं फोल्डर उचलून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर ठेवलं तरी चालतं. अनुवाद-स्मृतीचंही तसंच. तिच्या जुन्या प्रोग्राममधून टीएमएक्स या सगळ्या अनुवाद-प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या स्वरूपात निर्यात केली आणि ती फाइल ओमेगाटीच्या प्रकल्पातल्या टीएम फोल्डरमध्ये ठेवली. अकरा वर्षांत जमवलेल्या वाक्यांच्या जोड्या पुन्हा सुचवणीत येऊ लागल्या तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

जुन्या फॉन्टांचा गुंता

२००८ ते २०१३ या काळातल्या ताईच्या ६१२ फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, नाहीत. त्या वेळी तिचे प्रकाशक जो फॉन्ट मागायचे त्यात ती टंकायची. या फॉन्टांची करामत अशी की संगणकाला त्या मजकुरात मराठी दिसतच नाही. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवतो. रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राच्या मांडणीच्या फॉन्टात 'हिंदी' हा शब्द एफ, जी, ए, एन, एच अशा पाच कळांनी लिहिला जातो: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ह, अनुस्वार, द, दीर्घ वेलांटी. फाइलमध्ये साठतात ती हीच पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पानभर निरर्थक रोमन अक्षरांचा खच.

मग तो फॉन्टच लिनक्सवर का नाही बसवायचा? तांत्रिकदृष्ट्या बसतो. पण परवान्याचा प्रश्न येतो, आणि तो सुटला तरी त्या मजकुरात मराठी शब्द शोधता येत नाही. म्हणजे गुंता होता तिथेच राहतो.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती कुठे चुकतात हे माहीत असावं लागतं. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून ती आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये तिची जागा व्यंजनाच्या नंतर. 'स्थिती'मध्ये तर तिला स आणि थ हे दोन्ही ओलांडून पुढे जावं लागतं. रफाराचं नेमकं उलट. 'कर्म' लिहिताना जुन्या पद्धतीत क, म आणि शेवटी डोक्यावरचा रफार येतो. युनिकोडमध्ये क, मग र आणि हलन्त, मग म. म्हणजे रफाराला मागे उडी मारायला लावायची. व्यंजनाला काना किंवा वेलांटी असली की कच्चं साधन इथे अडखळतं आणि 'मूर्ती'चं 'मूतर्ी' होतं. ताईनं पहिली रूपांतरित फाइल वाचली आणि अशा बावीस चुका काढल्या. तिची नजर मुद्रितशोधकाची, म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी ती फाइल 'झाली' म्हणून बाजूला ठेवली असती.

सगळ्या ६१२ फायली वाचून दुरुस्त करायच्या तर वर्ष गेलं असतं. आम्ही दोन भाग केले. सगळ्याच फायलींच्या पीडीएफ करून घेतल्या, तेही विंडोजवर आणि तो फॉन्ट जागेवर असताना, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत गुंफला जातो आणि पान कुठेही जसंच्या तसं दिसतं. लिबरऑफिसला एका आज्ञेत सगळं फोल्डर रूपांतरित करता येतं. रात्री लावून दिलं, सकाळी काम झालेलं होतं. मूळ फायलीही ठेवल्या. आणि ज्या ४३ फायलींच्या पुढच्या आवृत्त्या निघण्याची शक्यता होती तेवढ्या युनिकोडमध्ये आणून ताईनं ओळ न् ओळ वाचल्या.

हे काम प्लॅटफॉर्म बदलला नसता तरी कधीतरी करावंच लागणार होतं. पाच वर्षांचं तिचं लिखाण एका फॉन्टाच्या भरवशावर लटकलेलं होतं आणि तिला ते माहीतही नव्हतं.

डिस्क बदलली तो दिवस

सप्टेंबरच्या मध्यात, हातात कुठलंच तातडीचं काम नसलेला आठवडा बघून मुहूर्त धरला. आधी पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहिलं. तेवढ्यानं मूळ डिस्कला काही होत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालले. स्कॅनर दिसला नाही. त्याची नोंद केली आणि पुढे गेलो.

दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात असं बरेच जण सुचवतात. मी ते ठरवून टाळलं. पहिल्या अडचणीला माणूस परत जुन्या घरात जातो आणि तिथेच मुक्काम करतो. शिवाय विंडोज यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळेवर, त्यामुळे इकडून तिकडे गेलं की वेळ साडेपाच तास पुढेमागे होते. आम्ही जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली आणि जागेवर नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. जुनी डिस्क जशीच्या तशी आहे, हा धीर ताईला दोन प्रणालींपेक्षा जास्त कामी आला. एसएसडीमुळे नऊ वर्षांचा लॅपटॉप चपळही झाला. त्याचं श्रेय लिनक्सला देऊ नये; ते डिस्कचं आहे.

बॅकअपवरून फायली उतरवताना एक गोष्ट समोर आली, जी मलाही आधी कधी भेटली नव्हती. उतरवून झाल्यावर मी दोन्हीकडची फायलींची संख्या ताडून पाहिली. १९ कमी. मोजलं नसतं तर कधी कळलं असतं कोण जाणे. एकेक फाइल हातानं ओढली तेव्हा सूचना आली: फाइलचं नाव फार लांब आहे. ताई फायलींना नावं अशी देते: 'प्रकरण सातवे दुसरा खर्डा संपादकांच्या सूचनांनंतर दुरुस्त केलेला आणि पुन्हा वाचून उद्या पाठवायचा'. शेवटचं '.docx' धरून ही बरोबर १०० चिन्हं होतात. विंडोजच्या एनटीएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीत नावाची मर्यादा २५५ चिन्हांची, तिथे हे आरामात बसतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ या पद्धतीतही आकडा २५५च आहे, पण तो बाइटचा, म्हणजे साठवणीच्या एककांचा. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. वरच्या नावाचे होतात २६६ बाइट. इंग्रजी नाव देणाऱ्याला ही भिंत सहसा लागतच नाही. मराठीत सलग ८५ चिन्हांवर लागते. एकोणीस नावं छोटी केली. ताईनं त्या दिवसापासून नावात तारीख आणि खर्ड्याचा क्रमांक एवढंच लिहायला सुरुवात केली.

पहिला महिना

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज उतरलेला. "सगळं चालतंय रे. पण काही आपलं वाटत नाही. स्वतःच्याच घरात दिव्याचं बटण चाचपडतेय मी."

मी तिला ताबडतोब काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्या शेजारी दोन तास नुसता बसलो आणि ती कुठे अडते ते पाहिलं. बहुतेक वेळा अडण्याचं ठिकाण एकच होतं: भाषा बदलणं. सतरा वर्षं ती ऑल्ट आणि शिफ्ट दाबून मराठी-इंग्रजी करत आली होती. आयबस या लिनक्सवरच्या टंकलेखनाच्या साधनातून मराठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी बसवली होती, पण भाषा बदलायच्या कळा होत्या सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस. अनुवाद करणारी बाई मिनिटाला कितीतरी वेळा भाषा बदलते. दर वेळी बोट चुकत होतं आणि मराठी वाक्यात रोमन अक्षरं पडत होती. तिचं सगळं परकेपण या दोन कळांत होतं. जुना जोड पुन्हा लावून दिला. बाकी अक्षरांना काही करावं लागलं नाही, कारण इनस्क्रिप्ट ही प्रमाणित मांडणी आहे: र जिथे होता तिथेच, शिफ्टसह ऱ, ल जिथे होता तिथेच, शिफ्टसह ळ. मराठी टंकणाऱ्यानं इनस्क्रिप्टच शिकावं असं मी का म्हणतो, ते इथे दिसतं. हाताची मेहनत प्लॅटफॉर्म बदलला तरी वाया जात नाही.

फॉन्टाचा दुसरा प्रश्न तेव्हा आला. तिच्या युनिकोड फायली मंगल फॉन्टात होत्या. मंगल विंडोजसोबत येतो, लिनक्समध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट वापरला जातो. २१२ पानांचं हस्तलिखित उघडलं तर २०४ पानं. मजकूर एक अक्षरही हललेला नव्हता, पण संपादक पान क्रमांक देऊन सूचना पाठवतात, त्यांचा मेळ बसेना. इंग्रजीत हा त्रास कमी आहे, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन सेरिफ हे मुक्त फॉन्ट तयार आहेत. मराठीपुरता आम्ही उपाय केला तो असा: नव्या कामासाठी टिरो देवनागरी मराठी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट ठरवला, ज्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, आणि संपादकांनाही तो बसवायला सांगितलं. चालू हस्तलिखितासाठी पानांऐवजी प्रकरण आणि परिच्छेद क्रमांक. संपादकांनी ते सहज मान्य केलं.

एकदा अपडेटनंतर आवाज बंद पडला. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, ते प्रणालीची आदल्या दिवशीची प्रत परत आणतं. फोनवरून सांगून ताईकडूनच ते करून घेतलं. तेव्हाच तिला हेही बजावलं की टाइमशिफ्ट मुळात प्रणालीसाठी आहे, तिचे दस्तऐवज त्यात आपोआप येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, दर शुक्रवारी.

जे सुटलं आणि जे राहिलं

स्कॅनर निर्मात्याच्या लिनक्स ड्रायव्हरनं सुरू झाला, पण एकावर एक पानं ठेवून आपोआप ओढून घेण्याची सोय चालली नाही. ती आता एकेक पान ठेवते. सीडीवरचा शब्दकोश वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात, उघडला, पण त्यातली देवनागरी विस्कटलेली दिसली. तो शब्दकोश तिला अनुवाद करताना खरोखर लागतो, त्याला पर्याय नाही. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक विंडोज ठेवलं आहे, त्याचं इंटरनेट कायमचं बंद, आणि आत फक्त शब्दकोश. यात मला काही कमीपणा वाटत नाही. तिचं काम होणं महत्त्वाचं.

सहा महिन्यांत कपाटातली डिस्क एकदाच जोडावी लागली, एका जुन्या पत्रासाठी. ती उघडली, पण फक्त वाचण्यापुरती: विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यामुळे शेवटच्या वेळी ते पूर्ण बंद न होता निद्रेत गेलं होतं आणि लिनक्स अशा डिस्कवर लिहायला तयार होत नाही. डिस्क काढण्याआधी शिफ्ट दाबून धरून बंद करायला हवं होतं. पत्र मिळालं, डिस्क परत कपाटात गेली.

६१२ पैकी ४३ सोडून उरलेल्या फायलींचं काम ताईनं स्वतःहून हाती घेतलंय. दर रविवारी सकाळी पाच फायली: रूपांतर, मग शेजारच्या खिडकीत पीडीएफ उघडून ताडून पाहणं, रफार आणि वेलांट्या आधी. गेल्या रविवारी तिनं मला एक उतारा पाठवला, २००९ सालच्या तिच्या पहिल्या पुस्तकातला. खाली लिहिलं होतं, "'मूतर्ी' एकही नाही. शोधून बघ."